कुणाचं समाधान?

जानेवारीतली सकाळ होती. अनगोळातल्या आमच्या घराच्या मागच्या दारात आप्पा लाकडी खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला कानटोपी, अंगावर जुनं घोंगडं, मांडीवर श्वासाचा पंप. बेळगावचं धुकं अजून विरलं नव्हतं. शेजारच्या परसातला नारळ कमरेपर्यंतच दिसत होता आणि वरचा भाग नुसता अंदाजानं समजून घ्यायचा. रोज सकाळी मी मोबाईलवर बघून त्यांना हवेचा आकडा सांगते. पूर्वी पावसाळ्यात ते पेपर हातात आला की पहिल्यांदा पावसाचा आकडा बघायचे, तशीच ही नवी सवय. "आज किती?" "चौऱ्याहत्तर." "म्हणजे कसं?" "समाधानकारक." त्यांनी पंप तोंडाला लावला, दाबला, बोटांवर दहा मोजेपर्यंत श्वास धरला, मग सावकाश सोडला. आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मग कुणाचं समाधान झालं म्हणायचं गं?"

मला टोचावं म्हणून त्यांनी हे विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं फौंड्रीत, म्हणजे बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, साचे केलेला माणूस. मापाला माप, वजनाला वजन, शब्दाला त्याचा अर्थ, अशी त्यांची रीत. समाधान व्हायचं तर ते कुणाला तरी व्हायला हवं. तो माणूस कोण, एवढंच त्यांना हवं होतं. मी "सरकारच्या हिशेबानं आप्पा" असं काहीतरी बोलले आणि चहा ठेवायला आत आले. पण चहा गाळताना माझा हात थांबला. हा आकडा कसा तयार होतो हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक असेल तर ते मला. आणि मलाच उत्तर देता आलं नव्हतं.

'समाधानकारक' हा शब्द आपल्याकडे २०१५ च्या एप्रिलमध्ये आला, राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाबरोबर. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, पुढे वाईट, अति वाईट आणि चारशेच्या वर गंभीर. आठ प्रदूषकं धरली आहेत, आणि त्यांतल्या ज्याचा आकडा सगळ्यांत वर तोच शहराचा आकडा. त्या दिवशी वर होती ती दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ, पीएम १० (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या धुळीच्या बाबतीत शंभरपर्यंत निर्देशांक आणि प्रत्यक्ष प्रमाण एकच असतं, म्हणजे ७४ निर्देशांक याचा अर्थ एका घनमीटर हवेत ७४ मायक्रोग्रॅम धूळ. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा १००, म्हणून ते समाधानकारक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली जी पातळी सांगितली ती ४५. तिथं हाच आकडा मर्यादेच्या बराच वर जातो. शिवाय हा आकडा मागच्या चोवीस तासांच्या सरासरीचा. पहाटे साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी पेटलेला पाचोळा आणि दुपारी अडीचचा स्वच्छ वारा यांना एकाच भांड्यात ओतून ढवळल्यावर जे उरतं ते. आप्पा मात्र सरासरीत श्वास घेत नाहीत. ते साडेसहाला साडेसहाचा घेतात.

बीएस्सी झाल्यावर १९९७ साली मला एका लॅबमध्ये काम लागलं. पगार थोडा, काम विचित्र. हवेचं वजन करायचं. एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची पेटी होती, वर उतरतं छप्पर, लांबून कबुतरांचं खुराडं वाटावं अशी. आत मोटर. चालू केली की पिठाच्या गिरणीसारखी घरघर, खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे. त्यात काचतंतूंचा पांढरा कागद बसवायचा, साधारण वहीच्या पानाएवढा. मोठी धूळ खाली एका कपात पडायची आणि बारीक धूळ त्या कागदावर. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, चोवीस तास. आठवड्यातून दोनदा, वर्षाचे १०४ दिवस, असा देशभराचा नियम. वायूंसाठी काचेच्या नळ्या, त्यांतलं द्रावण दर चार तासांनी बदलायचं. लॅबमध्ये रसायन घातलं की त्यात गुलाबी रंग चढायचा, आणि जितका गडद गुलाबी तितकी हवा वाईट. मला तो रंग फार सुंदर वाटायचा आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटायचं.

कागदाला बोट लावायचं नाही, हा पहिला धडा. बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं. चिमट्यानं उचलायचा, काचेच्या बंद भांड्यात कोरडा करायचा, तराजूवर ठेवायचा, आकडा लिहायचा. मग गच्चीवर. पाळी संपली की पुन्हा तसंच. आठ तासांत ते यंत्र साधारण ५०० घनमीटर हवा ओढायचं. माणूस दिवसाला जेमतेम दहा-बारा घनमीटर घेतो, म्हणजे आप्पांचे दीड महिन्याचे श्वास एका पाळीत. आणि हवा अगदी मर्यादेवर असली तरी एवढ्या सगळ्यातून कागदावर बसायची ती धूळ ५० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षा कमी. तरी कागद उघडला की पोटात कालवायचं. मधला सगळा भाग राखाडी, आणि कडेनं, जिथं चौकटीनं कागद घट्ट धरलेला असायचा तिथं, बोटभर रुंदीची पांढरी किनार. ती किनार नसती तर कागद आधी पांढरा होता हे कुणाला पटलं नसतं.

आणि तो राखाडी रंग माझ्या ओळखीचा होता.

आप्पा रोज संध्याकाळी सायकलवरून उद्यमबागेतून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, यायचे. आले की थेट मागच्या दारी, नळापाशी. हातपाय, तोंड, मग नाक शिंकरायचे. पांढरा रुमाल मधोमध काळा-राखाडी, कडा पांढऱ्या. आई ते रुमाल सोड्याच्या पाण्यात वेगळे भिजवायची. मी एकदा माझी ओढणी त्याच बादलीत टाकली तर ओरडली, "ते ह्यांचं रुमाल मी वेगळंच धुतो की, त्यात काय घालू नको." आम्ही भावंडं झोपायच्या आधी आप्पांच्या पाठीवर हात फिरवायचो तेव्हा आंघोळ करूनही त्यांच्या अंगाला वास यायचा, जळक्या वाळूचा, साच्यातल्या बेंटोनाइट मातीचा, थोडा कोळशाचा. वडिलांचा वास असाच असतो, असं मला सातवी-आठवीपर्यंत वाटत होतं.

त्या काळी बहुतेक फौंड्र्यांत कुपोला भट्टी असायची. थर लावायचे: कोक, बिडाचे तुकडे, चुनखडी, पुन्हा कोक. खालून वाऱ्याचा झोत. भट्टी लावायच्या दिवशी आप्पा पहाटे जायचे आणि रात्री उशिरा यायचे, कारण वितळलेल्या बिडाचा रस उतरायला लागला की मध्ये थांबता येत नाही. आम्ही गच्चीवरून बघायचो, उद्यमबागेच्या बाजूला आभाळ तांबूस झालेलं, ठिणग्या वर जाऊन विझायच्या. पश्चिमेचा वारा असला की सकाळी तुळशीच्या पानांवर बारीक काळी पूड. आई पदरानं पानं पुसायची आणि पुसून झाल्यावर हात जोडायची. त्या पुडीबद्दल घरात कुणी वाकडं बोलत नसे. त्या पुडीवर घर बांधलेलं होतं. माझी कॉलेजची फी, भावाची सायकल, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन. देशभरच्या पंपांत, मोटारींत, झडपांत बेळगावचं बीड आहे, हे आप्पा पाहुण्यांना सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आजही बदलतो, मध्ये खोकला येतो एवढंच.

पण रसापेक्षा वाईट असायचं ते साचा फोडणं. नॉक-आऊट. गरम वाळूतून कास्टिंग बाहेर काढताना जी धूळ उठते ती दिसते त्याहून जास्त असते. वाळू म्हणजे सिलिका. तिचा सगळ्यांत बारीक भाग डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडकत नाही, सरळ खाली फुप्फुसाच्या टोकाला जाऊन बसतो आणि परत येत नाही. हे मी पुस्तकात वाचलं ते कॉलेजात. आप्पा तोंडाला टॉवेल बांधायचे. टॉवेलाच्या विणीतून काय जातं हे मला ठाऊक होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते ते? दुसऱ्या दिवशी कामाला जाणं थांबणार होतं का?

त्या लॅबमधली आणखी एक गोष्ट इतकी वर्षं मनात राहिली आहे. १९९४ च्या मानकांत निवासी आणि औद्योगिक भागांसाठी वेगवेगळे रकाने होते. बारीक धुळीची चोवीस तासांची मर्यादा निवासी भागात १००, औद्योगिक भागात १५०. एकूण धुळीसाठी तर निवासी २००, औद्योगिक ५००. मी तक्ता भरताना दर वेळी योग्य रकाना बघायची. आमचं घर पहिल्या रकान्यात. आप्पांचं काम दुसऱ्या रकान्यात. मधलं अंतर सायकलनं दहा मिनिटांचं. तो रस्ता ओलांडला की त्यांच्या छातीनं दीडपट सोसावं, असं कागदावर ठरलेलं होतं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मानकं आली तेव्हा हा भेद काढला, दोन्हीकडे एकच मर्यादा. मी तेव्हा ते काम सोडून शाळेत शिकवत होते. बातमी वाचून एकटीच स्टाफरूममध्ये बसून राहिले. आप्पा त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले होते.

धुळीचा विचार करायला लागलं की आपला सगळा मुलूख डोळ्यांपुढून जातो. वडगावात माझी एक मैत्रीण होती, घरात चार माग. तिच्या घरी गेलं की बोलणं खाणाखुणांनी, मागांच्या खटखटीत काही ऐकू यायचं नाही, आणि परत येताना केसांत, भुवयांवर सुताचे पांढरे तंतू. निपाणीला मावशी. स्टँडवर उतरलं की पहिली शिंक, मग दुसरी; मावशीचे यजमान हसून म्हणायचे, "आली बघा बेळगावची पाव्हणी." मावशी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. चाळणं, निवडणं, पोती भरणं. नाकातोंडावर पदर गच्च बांधलेला, डोळे तेवढे उघडे आणि लालबुंद. तिनं थापलेल्या भाकरीला कडसर चव असायची. ती तव्यावरची भाकरी देताना आधी हात तीनतीनदा धुवायची, तरी. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीचे शेतकरी हायवेवर बसले ते सगळ्यांना माहीत आहे. भाव मिळाला-न मिळाला याचा हिशेब लोकांनी ठेवला. वखारीत उडणारी पूड मात्र त्या आठ प्रदूषकांत कुठंच वेगळी धरलेली नाही. यंत्रात ती नुसती धूळ म्हणून मोजली जाईल, तीही यंत्र वखारीच्या आत नेऊन ठेवलं तर.

मग ऊस. दिवाळीनंतर चिकोडी, हुक्केरी, अथणीकडं बसनं जाताना रात्री शेताशेतांतून आगीच्या रेघा दिसतात, पाला पेटवलेला असतो. सकाळी वाळत घातलेल्या धोतरावर जळक्या पापडाच्या तुकड्यांसारखी राख येऊन बसते, हात लावला की काळी रेघ. खरं तर ही राख निरुपद्रवी म्हणायला हवी, कारण ती जड असते आणि जवळच पडते. तिच्याबरोबर उठलेला जो भाग धोतरावर पडत नाही, तो कुठं गेला याची काळजी करावी. आणि शहराच्या पश्चिमेच्या गावांत भात निघालं की रिकाम्या शेतात विटा पाडतात. थंडीच्या संध्याकाळी भट्ट्यांचा धूर थोडा वर जातो आणि मध्येच कशाला तरी आपटल्यासारखा आडवा पसरतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार, म्हणजे हवेवर झाकण ठेवल्यासारखं. सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत ते उघडत नाही. आपल्याकडं ज्याला नुसतं धुकं म्हणतात त्यात अशा धुराचीही भर असते, हे मला पटायलाही बरीच वर्षं लागली. बेळगावचं धुकं हे आमच्या अभिमानाचं आहे ना. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही ते त्यांना दाखवतो.

या अभिमानात खोटं काही नाही. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचं गाव, सह्याद्री हाकेच्या अंतरावर, जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. ऑगस्टमध्ये काँग्रेस रोडनं चालत जावं, ओल्या मातीचा आणि पानांचा वास छातीभर घ्यावा, यासारखं सुख दुसरं नाही. म्हणूनच बहुधा आम्ही उरलेल्या आठ महिन्यांकडं नीट बघत नाही.

केंद्र सरकारनं २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांत सलग पाच वर्षं हवा मर्यादेबाहेर, त्यांची यादी. त्यात उत्तरेला कोल्हापूर आहे, सांगली आहे. दक्षिणेला हुबळी-धारवाड आहे. मधलं बेळगाव नाही. पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा मला हायसं वाटलं आणि लगेच थोडं खटकलं. आपण सीमाभागातली माणसं, कुठल्या यादीत आपलं नाव आहे आणि कुठल्या यादीत नाही हे बघायची आम्हाला लहानपणापासून सवय. पण इथं माझी अडचण निराळी होती. यादीतल्या शहरांना कृती आराखडा करावा लागतो, धूळ नेमकी कशाची किती याचा अभ्यास होतो, रस्ते झाडायच्या यंत्रांना पैसे येतात. आमचं नाव नाही याचा अर्थ आमची हवा त्यांच्यापेक्षा बरी असेल, आणि ती आहेही. पण बरी हवा बिघडू न देणं हे बिघडलेली हवा सुधारण्यापेक्षा सोपं असतं, आणि ते काम करायला कुठलीच यादी लागू नये. वारा काही राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर थांबून पावती फाडत नाही. कागलचा ऊस आणि निपाणीचा ऊस एकाच रात्री जळतो. एका राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा तक्ता मराठीत, दुसऱ्याचा कन्नडमध्ये, आणि मोबाईलवर इंग्रजीत. आप्पांसाठी तिन्हींचं भाषांतर मी करते.

आप्पांच्या त्या प्रश्नानंतर आठवड्याभरात मी पुण्याच्या भाच्याकडून हवा मोजायची छोटी डबी मागवून घेतली. आत लेझरचा किरण असतो, धुळीचे कण त्याला आडवे आले की प्रकाश विखुरतो, त्यावरून अंदाज. गच्चीवरच्या त्या घरघरणाऱ्या पेटीपुढे हे खेळणंच. तिचे दोष मला माहीत होते. धुक्यात ती चढवून सांगते, कारण कण पाणी पिऊन फुगतात. आणि जाडी धूळ, म्हणजे रस्त्याची, वाळूची, तिला फारशी कळतच नाही. तरी ती एक गोष्ट सांगते जी चोवीस तासांची सरासरी सांगू शकत नाही: आत्ता, इथं. आईनं सुक्या मिरचीची फोडणी दिली आणि आकडा उसळला तेव्हा आई घाबरून गॅसच बंद करायला निघाली. देवघरातल्या उदबत्तीनं तर तो आणखी वर गेला. दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक पडलेलं, गाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या, माझ्या पुढच्या स्कूटरवर आईच्या मागं उभं राहिलेलं पोर, आणि त्याचं नाक बरोबर पुढच्या रिक्षाच्या धुराच्या उंचीला. सरकारी यंत्राचं तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटरवर असावं असा नियम आहे. त्याला कारणं आहेत, मी ती शिकलेली आहे. त्या पोराची उंची सव्वा मीटर असेल.

डबीनं आमच्या गल्लीचंही एक सत्य दाखवलं. सकाळी सव्वासहा ते सात. रोज. कोपऱ्यावर गुलमोहर आणि सावरीचा पाचोळा झाडून पेटवला जायचा, त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, काय असेल ते. मी एक दिवस शाल गुंडाळून तिथं जाऊन उभी राहिले. झाडणारी बाई माझ्याच वयाची, डोक्याला फडकं, तोंडाला काही नाही. मी म्हटलं, "आक्का, पेटवू नका हो, आमच्या आप्पांना त्रास होतोय." ती चिडली नाही. म्हणाली, "वैनी, पाला न्यायला गाडी येत नाही. घरचा कचरा तेवढा नेतात. ठेवू कुठं सांगा." आणि सांगता सांगता ती खोकली. तो खोकला मला ओळखीचा होता, कोरडा, खोलातून येणारा. मी तिच्याकडे समजावायला गेले होते आणि माझ्या लक्षात आलं की या गल्लीतला सगळ्यांत वाईट श्वास आप्पांचा नसून तिचा आहे. ती रोज त्या ढिगाशी हातभर अंतरावर उभी असते.

मग खूप फोन, दोन अर्ज, वॉर्डातल्या माणसाच्या घरी एक फेरी. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाची परवानगी काढायला दीड महिना गेला. आता तिथं एक खड्डा आहे, पाला त्यात जातो, वर थोडी माती, शेण. प्लॅस्टिक वेगळं. आठवड्यातून एखाद दिवस अजूनही कुणीतरी काडी लावतं, आणि कोण लावतं ते आम्हाला कळलेलं नाही. पण आप्पांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, आईच्या दुधाच्या हिशेबाखाली, रोज सकाळी सातचा आकडा लिहायला सुरुवात केली आहे. थरथरत्या हातानं, खरं अगदी नेमानं. बाजूला कधी 'धुके', कधी 'धूर', कधी 'पंप २'. तीस वर्षांपूर्वी मी भरायची तसाच तक्ता. फक्त यात श्वास घेणाऱ्यासाठी एक रकाना आहे.

मार्चमध्ये एक दिवस म्हणाले, "ती डबी घे, उद्यमबागेत जाऊन येऊया." रिक्षा केली. त्यांच्या जुन्या फौंड्रीसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. आता कुपोला नाही, विजेची इंडक्शन भट्टी आहे. चिमणीतून दिसण्यासारखं काही निघत नव्हतं. आप्पा बराच वेळ वर बघत राहिले. "धूर गेला बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता आणि आणखीही काही होतं; ज्या धुरानं छाती गेली तो आपल्यानंतर गेला, असं काहीतरी. तेवढ्यात आतून धाड-धाड आवाज आला आणि दारातून पिवळट धुळीचा लोट बाहेर आला. "नॉक-आऊट," आप्पा म्हणाले. "धूर गेला, खरं धूळ हाय तशीच." मी डबीकडं बघितलं. आकडा जेमतेम हलला होता. जाडी धूळ तिला कळत नाही हे मला माहीत होतं, तरी राग आला. आत दोन पोरं होती, विशी-बाविशीची, एकाच्या गळ्यात मास्क लोंबत होता, दुसऱ्याच्या तोंडाला टॉवेल. आप्पा उठले, काठी टेकत दारापर्यंत गेले आणि त्या पोराला म्हणाले, "बाळा, तो मास्क वर घे." पोरानं घेतला. आम्ही परत फिरलो तेव्हा मी मुद्दाम मागं बघितलं नाही.

परवा कपाट आवरताना लॅबमधल्या दिवसांची एक फाईल सापडली. तिच्यात बटर पेपरच्या पाकिटात एक कागद. १९९८ च्या हिवाळ्यातला. त्या रात्री दोनदा लाइट गेली होती, नमुना बाद झाला, फेकून द्यायचा होता. मी का ठेवला ते आठवत नाही. मधला चौकोन राखाडी, कडेनं पांढरी किनार, तशीच्या तशी. मी तो मागच्या दारी आप्पांकडे नेला. इतकी वर्षं दाखवलं नव्हतं, म्हटलं, "आप्पा, मी तेव्हा हे काम करत होते. ही उद्यमबागेजवळच्या गच्चीवरची हवा. आठ तासांची." त्यांनी चष्मा लावला. कागद उन्हाकडं धरला. मग, जे करायचं नाही असं मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तेच त्यांनी केलं, अंगठा मधोमध टेकवून कागदावरून हलकेच फिरवला, अंगठ्यावर लागलेली पूड दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. आई सुपात तांदूळ पाखडायची थांबली.

"ही आमचीच की," आप्पा म्हणाले.